बेचिराख

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटावर, ३३,३८,०३१ माणसे मोजली गेली. २०११ मध्ये त्याच बेटावर ३०,८५,४११ माणसे भरली. वजाबाकी २,५२,६२०. दहा वर्षे, सणवार आणि पावसाळा धरून, रोज सरासरी ६९ माणसे या बेटावरून कमी होत गेली.

या आकड्याशेजारी एक जुना आकडा ठेवला की त्याचे खरे वजन कळते. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९६ मध्ये प्लेग आला. १९०१ च्या जनगणनेत ती ७,७६,००६ वर आली. घट ४५,७५८, शेकडा साडेपाचच्या थोडी वर. २००१ ते २०११ या दशकातली घट शेकडा ७.५७ आहे. म्हणजे जनगणनेच्या पुस्तकात जे दिसते तेवढेच पाहिले, तर मुंबई बेटाने प्लेगच्या दशकात गमावली त्याहून मोठ्या प्रमाणात माणसे आपल्या डोळ्यांदेखत गमावली. आणि त्या दहा वर्षांत प्लेगसारखी साथ नव्हती, दुष्काळ नव्हता, फौज चालून आली नव्हती.

सरकारी मराठीत याला ‘लोकसंख्येतील घट’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून काही दिसत नाही. मराठीत याहून फार नेमका शब्द आहे. तो आपण रोज वापरतो आणि रोज चुकीच्या ठिकाणी वापरतो: बेचिराख.

आगीत झोपड्या बेचिराख झाल्या, बॉम्बवर्षावात शहर बेचिराख झाले, असे आपण वाचतो. मराठी कानाला त्यात शेवटची ‘राख’ ऐकू येते, म्हणून जळणे हा त्याचा अर्थ वाटतो. मूळ शब्दात राख नाही आणि आगही नाही. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा आणि ‘बे’ म्हणजे वाचून. बेचिराग म्हणजे दिव्यावाचूनचे. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. फारसी दफ्तरांतून तो महसुली शब्द म्हणून मराठीत आला आणि ‘ग’चा ‘ख’ झाला. उत्तरेकडच्या महसुली कागदांत वस्ती नसलेल्या मौजाला आजही ‘बेचिराग मौजा’ म्हणतात. त्या मौजाला हद्द असते, जमीन असते, शेते पिकतही असतात. राहते माणूस मात्र नसते.

जगात माणसांच्या संहाराला दुसरा एक प्रसिद्ध शब्द आहे, तो रोमन फौजेतून आला. पळपुट्या तुकडीला शिक्षा म्हणून शिपायांचे दहा-दहांचे गट पाडायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याला उरलेल्या नऊ जणांनी ठार मारायचे. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या बंडाविरुद्ध लढताना क्रॅससने ५०० जणांचे ५० गट करून ५० जण असे मारवले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. लॅटिनमधल्या ‘दहा’वरून या शिक्षेला ‘डेसिमेशन’ नाव पडले आणि पुढे युरोपच्या भाषांत तो शब्द सरसकट नाशासाठी वापरला जाऊ लागला. त्या शब्दात मेलेल्यांची मोजदाद आहे, दहात एक. बेचिराखमध्ये मेलेल्यांची मोजदाद नाही. माणूस मेला, पळाला, जगायला दुसरीकडे गेला की घर बिल्डरला देऊन बदलापूरला राहायला गेला, हे तो शब्द विचारत नाही. संध्याकाळी या घरात दिवा लागला का, एवढेच विचारतो. मुंबईची गेल्या साडेतीनशे वर्षांची कहाणी समजून घ्यायला मला हा प्रश्न रोमन शब्दापेक्षा फार उपयोगी वाटतो.

या भूमीला ओसाडपणाची ओळख पहिल्यापासून आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’ची कथाच तिथून सुरू होते. शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ च्या सुमारास, प्रताप बिंब उत्तर कोकणात उतरला तेव्हा प्रांत ओसाड होता, म्हणून त्याने बाहेरून कुळे आणून वसवली, असे बखर सांगते. परंपरेत ही संख्या ६६ कुळांची आहे. राजधानी महिकावती. ती केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, यावर वाद झाले आहेत आणि बखरीतल्या सालांवरही. पण राज्य म्हणजे किल्ला नव्हे, राज्य म्हणजे आणून वसवलेली कुळे, ही समज त्या बखरीत स्वच्छ आहे. सारा भरायला, भात लावायला आणि ताडी काढायला माणूस लागतो.

घाटावर तर याचे अचाट उदाहरण आहे. १३९६ पासून बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाने दख्खनचे मुलूखच्या मुलूख रिकामे केले, असे परंपरा सांगते. १४२९ मध्ये बहामनी दरबाराने मलिक-उत्-तुजारबरोबर दादो नरसो नावाचा ब्राह्मण कारभारी खटाव-वाईकडे गावे पुन्हा उभी करायला पाठवला. तो पोहोचला तेव्हा जुन्या गावांच्या शिवा कोणालाही आठवत नव्हत्या. शीव म्हणजे गावाची सर्वांत जपलेली गोष्ट. बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वैर धरणाऱ्या मुलखात, शीव कुठे होती हे सांगायला माणूस उरला नव्हता. दादो नरसोने नव्या शिवा आखल्या आणि दोन-दोन, तीन-तीन जुनी गावे मिळून एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे घोड्याच्या तोबऱ्यात मावेल एवढे धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधायची चामड्याची पिशवी हे सरकारी माप झाले. आज सातारा जिल्ह्यात एखाद्या गावची शीव लांबच लांब पसरलेली दिसली, की तिच्या पोटात आणखी एखादे हरवलेले गाव असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्या व्यवहाराने मराठीला शब्दांची एक रांगच दिली. ओसाड गाव लावायला सरकार ‘कौल’ देई. सारा वर्षावर्षाने चढत जाई, तो ‘इस्तावा’. ज्या घराण्याचे माणूस उरले नाही किंवा परागंदा झाले त्याची जमीन ‘गतकुळ’. या शब्दांत कुठेही रडारड नाही. कारकुनाने वहीत लिहिलेले शब्द आहेत ते. पण ‘गतकुळ’ या एका रकान्यात किती घरे गेली असतील, याचा विचार करावा.

आता मुंबई बेटाकडे येऊ. १६६१ मध्ये पोर्तुगीजांनी ते इंग्लंडच्या राजाला आंदण दिले तेव्हा तिथे दहा हजार माणसे असावीत, असा अंदाज आहे. गव्हर्नर ऑन्जिअरने व्यापारी, कारागीर, सगळ्या धर्मांचे लोक बोलावून वसवले आणि १६७० च्या दशकात आकडा ६० हजारांवर गेल्याचे लिहिले गेले. अवघ्या दहा-बारा वर्षांत सहापट. मग १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मोठी फौज घेऊन शिवडीला उतरला. माझगाव गेले, माहीमचा किल्ला गेला आणि इंग्रज मुंबईच्या किल्ल्यात कोंडले गेले. वर्षभराने, जून १६९० मध्ये, मोगलांशी तह होऊन सिद्दी निघून गेला. त्याच्यामागून साथ आली आणि लढाईत मेले नव्हते एवढे लोक साथीत मेले. अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने लिहिले आहे की युद्धापूर्वी मुंबईत सात-आठशे इंग्रज होते, नंतर साठेक उरले. ओव्हिंगटन नावाचा पाद्री त्याच सुमारास आला. त्याच्या जहाजावरून उतरलेल्या २४ प्रवाशांपैकी वीसहून अधिक जण पावसाळा संपण्यापूर्वी पुरले गेले.

१७१५ च्या सुमारास रेव्हरंड कॉबने बेटाची लोकसंख्या १६ हजार सांगितली. ६० हजारांवरून १६ हजार. दोन्ही अंदाज आहेत आणि दोन्हींत चूक असणार, पण निम्मी चूक धरली तरी उरते ते हादरवणारे आहे. चारांतले जवळजवळ तीन दिवे विझले. रोमन हिशेब दहात एकावर थांबतो. माहीम, वरळी, माझगाव, परळ ही गावे त्या चाळीस वर्षांत दहातल्या सातांच्या हिशेबाने रिकामी झाली असणार. त्यातले किती मेले आणि किती खाडी ओलांडून साष्टीत निघून गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. रात्री बेटाकडे पाहणाऱ्या खलाशाला दोन्ही सारखेच दिसले असेल.

प्लेगच्या वेळी मात्र नोंदी आहेत, भरपूर आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या पाच महिन्यांत शहर अक्षरशः चालू लागले. बोरीबंदर आणि ग्रँट रोडहून गाड्या भरून जात होत्या, गलबते कोकणाकडे सुटत होती, लोक माहीम आणि शीवच्या बांधांवरून पायी उत्तरेला जात होते. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे पावणेचार-चार लाख माणसे शहर सोडून गेली होती. जवळजवळ निम्मी मुंबई. गिरण्यांना मजूर मिळेनात, मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊन कामगार पळवू लागले. त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला आणि घराघरांत शिरून तपासणी, कॅम्प, धुरी सुरू झाली. लोक रोगाला जेवढे भ्याले तेवढेच त्या तपासणीलाही भ्याले.

आणि तरी हे पाहा. १९०१ ची मोजणी १ मार्चला झाली, ऐन प्लेगच्या दिवसांत, म्हणजे कितीतरी घरे कुलूप लावून गावी गेली होती तेव्हा. १९०६ मध्ये शहराची खास मोजणी झाली, तेव्हा आकडा निघाला ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांहून अधिक वाढ. प्लेग संपला नव्हता. देशात तो १ कोटीहून अधिक बळी घेऊनच थांबला. पण मुंबईत माणसे परत आली. ४५,७५८ ची जी घट इतिहासात नोंदली गेली, तिच्यातला मोठा भाग विझलेल्या दिव्यांचा नव्हता, काही महिने झाकून ठेवलेल्या दिव्यांचा होता.

माहीम-दादरचा आजचा चेहराच या प्लेगने घडवला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मांडवी-नागपाड्याच्या कोंदट वस्त्यांतून माणसे बाहेर काढायची आणि बेटाचा उत्तरेकडचा मोकळा भाग आखून वसवायचा असे ठरवले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या नारळी-भातखाचरांवर सरळ रस्ते आले. १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुले झालेले मैदान दोन वर्षांनी ‘शिवाजी पार्क’ झाले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते कोण जाणे, की आपल्या भोवतालच्या या मोकळ्या हवेमागे एका साथीची भीती आहे.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा त्याहून भयंकर होता आणि आकड्यांत तो जवळजवळ लपून गेला आहे. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशात एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले लोकसंख्या कमी झालेले एकमेव दशक. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ मध्ये २,१४,७४,५२३ माणसे होती, १९२१ मध्ये २,०८,४९,६६६ उरली. सव्वासहा लाख माणसे कमी, आणि मधल्या जन्मांमुळे जी वाढ व्हायला हवी होती तीही गेली. पण त्याच दशकात मुंबई ९.७९ लाखांवरून ११.७६ लाखांवर गेली! शहरात माणसे मरत होती आणि शहर वाढत होते, कारण दुष्काळाने आणि साथीने मोडलेल्या गावांतून त्याहून अधिक माणसे येत होती. १९११ मध्ये मुंबईतल्या शंभर माणसांत मुंबईत जन्मलेली जेमतेम वीस होती. बाकी ऐंशी कुठल्या तरी रत्नागिरीत, साताऱ्यात, काठेवाडात दिवा मागे ठेवून आलेली. शहराची बेरीज ही गावाची वजाबाकी असते आणि जनगणनेचे तक्ते दोन्ही वेगवेगळ्या पानांवर छापतात, म्हणून ती आपल्याला एकत्र दिसत नाही.

आता २,५२,६२० कडे परत वळतो, कारण मला खरे तर याच आकड्याविषयी लिहायचे होते.

घरटी साडेचार माणसे धरली तर ही साधारण ५६ हजार घरे होतात, ५६ हजार दिवे. एकेक मीटरवर एक पणती ठेवत गेलो तर माहीमच्या खाडीपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत सोळा-एक किलोमीटरच्या अशा साडेतीन रांगा भरतील. आणि हे फक्त निव्वळ अंतर आहे. त्या दहा वर्षांत बेटावर मृत्यूंपेक्षा जन्म अधिक झाले, नव्या इमारतींत नवी माणसे राहायला आली. ती सगळी मोजूनही अडीच लाख कमी पडली, म्हणजे प्रत्यक्षात बाहेर गेलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी असणार.

ती कुठून गेली, हे महापालिकेच्या प्रभागवार आकड्यांत दिसते. बेटावर नऊ प्रशासकीय प्रभाग आहेत. काळबादेवी-भुलेश्वरचा सी प्रभाग २,०२,९२२ वरून १,६६,१६१ वर आला, शेकडा अठरा घट. वरळी-प्रभादेवी-लोअर परळचा जी दक्षिण ४,५७,९३१ वरून ३,७७,७४९ वर. इथून ८०,१८२ माणसे कमी झाली, रोजची बावीस. एकट्या या प्रभागाने बेटाच्या एकूण घटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा दिला. भायखळा-माझगावच्या ई प्रभागात ४७ हजार कमी, शेकडा साडेदहाच्या वर. फोर्ट-कुलाब्याच्या ए मध्ये शेकडा बारा. रोमन सेनापतीच्या मापाने मोजायचे तर या चार प्रभागांतून दहात एकाहून अधिक माणूस गेला आणि तोही फक्त दहा वर्षांत. गिरगाव, ग्रँट रोडचा डी प्रभाग (शेकडा ९.४) आणि डोंगरी-मांडवीचा बी (शेकडा ९.५) त्या रेषेच्या किंचित अलीकडे थांबले. लालबाग-परळ-शिवडीचा एफ दक्षिण शेकडा ८.९ ने घटला.

लोक वाढले ते फक्त दोन प्रभागांत. माटुंगा-शीव-वडाळ्याच्या एफ उत्तरमध्ये ४,६४१ आणि दादर-माहीम-धारावीच्या जी उत्तरमध्ये १७,०३२. नकाशा काढून पाहा. हेच ते प्लेगनंतर आखलेले उत्तरेचे भाग आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून धारावी. ज्या बाजूने एकेकाळी घाबरलेली माणसे बेट सोडून गेली, त्याच कडेला आज बेटाची वस्ती टिकून आहे. अर्थात जी उत्तरच्या ५,९९,०३९ मध्ये धारावीही आहे, त्यामुळे माहीमच्या कापड बाजाराच्या मागच्या जुन्या चाळी किंवा तिथला कोळीवाडा वाढला की घटला, हे या एका आकड्यावरून म्हणता येत नाही.

जी दक्षिण आणि एफ दक्षिण म्हणजे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मिटला नाही. पण त्याच दिवसापासून माणसे निघून गेली, असे मात्र झाले नाही. गिरण्या बंद झाल्यावरही चाळी भरलेल्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन पिढ्या राहत होत्या आणि बेटाची लोकसंख्या १९८१ मध्ये ३२.८५ लाख, १९९१ मध्ये ३१.७५ लाख, २००१ मध्ये ३३.३८ लाख अशी खालीवर होत राहिली. माणसे गेली ती जमिनीला भाव आल्यावर. गिरण्यांच्या जागा विकल्या गेल्या, उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला. थोरल्या मुलाने खोलीतला आपला वाटा घेऊन डोंबिवलीला घर केले, धाकट्याने नालासोपाऱ्याला. म्हातारे आईवडील गेले की खोली विकली गेली. यातला एकही व्यवहार बातमी होण्याएवढा मोठा नव्हता. ठाणे जिल्हा त्या दशकात ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला, म्हणजे रोजची आठशे माणसे वाढली. बेटावरून रोज सुटणारे ६९ जण त्या लोंढ्यात कुठे दिसणार?

शेवटच्या मोजणीपर्यंत हे बेट पुन्हा १९७१ मध्ये होते तिथेच आले. तेव्हा ३०.७० लाख, २०११ मध्ये ३०.८५ लाख. मधल्या चाळीस वर्षांत बृहन्मुंबई मात्र ५९.७ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली.

याहून मला चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. लालबाग-परळच्या चाळी ज्यांनी भरल्या त्यातले बरेच याच दोन कोकणी जिल्ह्यांतले. गेली शंभर-सव्वाशे वर्षे कोकणातले घर आणि गिरणगावातली खोली ही एकाच कुटुंबाची दोन टोके होती. मनीऑर्डर इकडून जायची, तांदूळ-कुळीथ तिकडून यायचे. गावाकडे म्हातारी आई तुळशीपुढे दिवा लावायची, इकडे खोलीत सून लावायची. एक टोक रिकामे झाले तर दुसरे भरते, हा १९२१ पर्यंतचा नियम होता. या दशकात दोन्ही टोके एकदमच रिकामी होऊ लागली. कुटुंब तिसऱ्याच ठिकाणी, दिव्यात, विरारला, पनवेलला राहू लागले. ‘घरात दिवा लावायला माणूस नाही’ हे वाक्य कोकणात आजही तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितले जाते. गणपतीत दीड दिवस, पाच दिवस कुलूप निघते आणि पुन्हा लागते. बेचिराख शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना कोणी शिकवलेला नाही त्या लोकांच्या तोंडी तो इतका जिवंत आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३,६६५ गावे नोंदली आहेत आणि त्यातली २,७०६ वस्ती नसलेली. दादो नरसोच्या कारकुनाने यांना ओसाड किंवा बेचिराख लिहिले असते. देशभरात अशी सुमारे ४३ हजार गावे आहेत. काही धरणाखाली गेली, काही जंगलात, काहींत नुसती शेते आहेत. प्रत्येकाला जनगणनेचा क्रमांक मात्र आहे, आणि पुढच्या सगळ्या रकान्यांत शून्य.

शहरात शून्य वेगळ्या तऱ्हेने येते. २०१८ च्या जानेवारीत संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालात, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे म्हटले आहे. देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा अधिक. पुन्हा घरटी साडेचार माणसे धरा: साडेएकवीस लाख माणसे राहू शकतील एवढी रिकामी जागा, आणि हे त्या शहरात जिथे माणसे गटारावर फळ्या टाकून राहतात. ही सगळी घरे बेटावरची नाहीत. पण संध्याकाळी माहीमच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला नजर टाकली तर सागरी सेतूचे दिवे झगझगत असतात, आणि मागे वरळी-प्रभादेवीच्या मनोऱ्यांत कितीतरी मजले काळे दिसतात. पूर्वी वस्ती उठली की घर पडायचे, भिंतीतून पिंपळ यायचा. आता घर नवे कोरे असते, त्याला मालक असतो, त्याची किंमत दरवर्षी वाढते, आणि तरी त्यात दिवा लागत नाही. याला राग म्हणा की दुःख, मला हे शांतपणे पाहता येत नाही. ज्या जागेवर चाळीच्या एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे होती, त्याच जागेवर आज एका मजल्यावर दोन घरे आहेत आणि त्यातले एक बंद.

जपानने ही गोष्ट मोजायला घेतली आहे. तिथे रिकाम्या घरांना ‘अकिया’ म्हणतात. २०२३ च्या पाहणीत ती सुमारे ९० लाख निघाली, देशातल्या दर सात घरांमागे जवळजवळ एक. पण जपानची लोकसंख्या २००८ पासून उतरते आहे, घरे रिकामी होणारच. मुंबईत माणसे वाढत असताना घरे रिकामी आहेत, आणि बेटावरची माणसे कमी होत असताना बेटावरचे बांधकाम वाढते आहे. मोजणीची पद्धत त्यासाठी निराळी लागेल, कारण नुसती डोकी मोजून हे पकडता येत नाही.

यापुढच्या जनगणनेला १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. तिच्याआधी घरांची यादी होते. प्रगणक प्रत्येक घराला क्रमांक देतो, घर कशासाठी वापरले जाते ते लिहितो, आणि कुटुंब राहत असेल तर पुढचे प्रश्न विचारतो. २०११ च्या यादीत त्यात एक प्रश्न होता, प्रकाशाचे मुख्य साधन कोणते: वीज, रॉकेल, सौर, इतर तेल, अन्य, की काहीच नाही. महाराष्ट्रात शेकडा ८४ कुटुंबांनी वीज सांगितली. हा प्रश्न फक्त राहत्या कुटुंबांना असतो. रिकाम्या घरासमोर ‘रिकामे’ एवढे लिहून प्रगणक पुढच्या दाराकडे जातो. मला त्या यादीत प्रभागवार दोन रकाने शेजारी-शेजारी छापलेले हवे आहेत: राहती घरे आणि रिकामी घरे. जी दक्षिण, सी, एफ दक्षिण, जी उत्तर. आणि जी उत्तरमध्ये धारावी वेगळी, दादर वेगळे, माहीम वेगळे.